पिशवीतला तांदूळ, पातेल्यातली खिचडी

पुण्याची खडकी कॅन्टोन्मेंट म्हटलं की १८१७ची लढाई आणि दारूगोळ्याचा कारखाना आठवतो. या कॅन्टोन्मेंटातली, किंबहुना राज्यातल्या कुठल्याही सरकारी शाळेतली दुपार बदलली ती मात्र तांदळाने.

१५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली. महाराष्ट्रात आधी शिजवलेलं अन्न नव्हतंच. ८० टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ. पोरं पिशवी घेऊन रांगेत उभी राहत. तो तांदूळ अख्ख्या घराच्या भातात जाई, यात नवल काय? नोव्हेंबर २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच द्या, असं बजावलं आणि पुढे शाळांत खिचडीची पातेली चढली. हळदीची पिवळी खिचडी, कधी मोकळी, कधी नुसता गिचका.

आणि उपाहारगृहातल्या, शाळेबाहेरच्या गाडीवरच्या खाऊचं काय? मे २०१७मध्ये राज्याने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, शीतपेयं हटवायला सांगितलं. २०२०च्या केंद्रीय नियमांनी या बंदीचा हात आवाराबाहेर ५० मीटरपर्यंत लांबवला. कागदावर तरी.

इकडे शाळेच्या आहारात नोव्हेंबर २०२३मध्ये आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं ठरलं. जानेवारी २०२५मध्ये अंड्याचा सरकारी निधी थांबला. हवं असेल, तर शाळेने लोकवर्गणी काढावी!