छप्पर आपले, दिवा परक्याचा

ऊन फुकट मिळते हे खरे. परंतु उन्हाची वीज करणारे यंत्र काही फुकट मिळत नाही. ते विकत घ्यायचे तर मोठी रक्कम एकदम मोजावी लागते, आणि मध्यम स्थितीतला संसार नेमका तिथेच अडतो. म्हणून कुणीतरी युक्ती काढली : यंत्र माझेच राहू द्या, तुम्ही फक्त विजेचे पैसे द्या.

ही युक्ती वाटते तितकी नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या कामगारांना गॅसचे दिवे हवे होते. पण नळ घालायला आणि तिमाही बिल एकदम भरायला पैसा कुठला? तेव्हा गॅसकंपन्यांनी त्यांच्या घरांत नाण्याचे मीटर बसवले. फटीत एक पेनी टाकावी, तेवढ्यापुरता गॅस यावा. नाणे संपले की ज्योत बसावी. यंत्र कंपनीचे, उजेड कामगाराचा. मात्र असा गॅस बहुधा नेहमीच्या गिऱ्हाइकापेक्षा महाग पडे. गरिबाला सवड मिळते, ती अशी विकत मिळते.

पुढे १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनची सौरघटी जगाला दाखवली. तिच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांचीच वीज होई, आणि किंमत तर अशी की ती आधी उपग्रहांवर चढली. घरांवर यायला फार काळ लागला. २००३ साली जिगर शहा या भारतीय वंशाच्या तरुणाने सनएडिसन ही कंपनी काढली. मोठ्या दुकानांच्या छपरांवर यंत्रे कंपनीने बसवायची आणि दुकानदाराने ठरलेल्या दराने वीज घ्यायची, असा करार तिने रूढ केला. २००७ साली निघालेल्या सनरनने तोच व्यवहार घरांपर्यंत नेला. २००८ पासून सोलरसिटी पॅनेल भाड्याने देऊ लागली. सरकारची ३० टक्के करसवलत यंत्राच्या मालकाला, म्हणजे कंपनीला, मिळे. घरधन्याला पहिल्या दिवशी फारसे काही मोजावे लागत नसे, आणि यंत्र बिघडले तर दुरुस्ती कंपनीकडे असे.

परंतु करार बहुधा वीस वर्षांचा! दरसाल २.९ टक्के दरवाढ, अशीही कलमे कित्येक करारांत असत. मी मुलांना चक्रवाढ शिकवतो, म्हणून मांडून पाहिले : पहिल्या वर्षीच्या १०० चे विसाव्या वर्षी सुमारे १७२ होतात. विजेचा बाजारभाव त्याहून वेगाने वाढला तर फायदा, नाहीतर तोटा. मध्येच घर विकायचे झाले, तर घेणाराने करारही पत्करावा लागे. पुढे २०१६ साली खुद्द सनएडिसननेच दिवाळे काढले.

केनियात २०१२ पासून एम-कोपा कंपनीने निराळी वाट काढली. थोडी रक्कम आधी द्यायची आणि मग मोबाइलवरून रोजचा हप्ता भरायचा. हप्ता चुकला की दिवा दुरूनच बंद होई. नाण्याच्या मीटरचाच हा नातू म्हणा! फरक एवढाच, की हप्ते फिटल्यावर यंत्र त्या कुटुंबाचे होई.

आणि वाचकहो, हा फरक आपल्याला कळायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा झाला तो ‘कसेल त्याची जमीन’ या न्यायाने. वर्षानुवर्षे खंड भरूनही कूळ परकेच राहते, याची बोच आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होती. तशीच, गाय अर्धेलीने सांभाळण्याची रीतही आपल्याकडे होती. तीत वाटा आधी ठरलेला असे.

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे. स्वतः यंत्र घेण्याबरोबरच, दुसऱ्याने भांडवल घालावे आणि आपण विजेचे पैसे द्यावेत, अशीही सोय तीत आहे. ही सोय वाईट नव्हे. ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याने अंधारात का बसावे? फक्त सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : दर कसा वाढणार? घर विकले तर काय? आणि शेवटी यंत्र कुणाचे? पहिली दोन उत्तरे आपल्या खिशाची आहेत. तिसऱ्यावरून कळेल की आपल्याच छपराखाली आपण धनी होणार, की कूळ.