औषध, मात्रा आणि दूषीविष

‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही,’ असे आपण सहज म्हणतो. ही मात्रा वैद्याच्या बटव्यातली. मराठीत मात्रा म्हणजे औषध आणि मात्रा म्हणजे त्याचे प्रमाणही. विषशास्त्राचे पहिले तत्त्व या दोन अर्थांतच सामावले आहे.

युरोपात ते तत्त्व पॅरासेल्ससच्या नावावर आहे. पाऱ्यासारखी खनिजे औषधात वापरतो म्हणून, हा वैद्य विष देतो, असा आरोप त्याच्यावर झाला. 1538 मध्ये त्याने लेखी उत्तर दिले. त्याचा आशय असा, की विष सगळ्याच पदार्थांत असते. ते बाधते की नाही, हे केवळ मात्रा ठरवते. नीट योजलेले विष औषध होते आणि वाईट योजलेले औषध विष, हा विचार चरकसंहितेतही आहे.

पण मात्रा मोजायची कशी? 1927 मध्ये जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक माप मांडले. ज्या मात्रेने प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात, ती ‘एलडी 50’. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. डिजिटॅलिससारख्या औषधांची ताकद प्रमाणित करणे, हा त्यामागचा हेतू होता.

पुढे तेच माप कीटकनाशकाच्या डब्यावर आले. आपल्याकडे 1971 च्या नियमांनुसार डब्यावरच्या चौकोनातील खालच्या त्रिकोणाचा रंग या मापावरून ठरतो. तोंडावाटे गेलेल्या विषाचा आकडा वजनाच्या दर किलोमागे 1 ते 50 मिलिग्रॅम असेल तर लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. त्वचेवाटे जाणाऱ्या विषाचे आकडे वेगळे. मात्र हा सगळा हिशेब एका वेळच्या मात्रेचा. इंग्रजी ‘अक्यूट’ला आपण ‘तीव्र’ म्हटले आणि घोटाळा झाला. वाचणाऱ्याला ते ‘जोरदार’ वाटते. अभिप्रेत असते ‘एकाच खेपेत, थोड्या वेळात’.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. फवारणीत मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट रसायनेही होती. मज्जातंतूंचे काम सुरळीत ठेवणारे कोलिनएस्टरेज हे विकर ती निकामी करतात. ते विकर शरीरात हळूहळू भरून येते. ते भरून येण्याआधीच दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर चढला, की तूट वाढत जाते. डब्यावरचा रंग हे सांगत नाही.

इथे मला सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातला ‘दूषीविष’ हा शब्द आठवतो. शरीरातून पुरते न निघालेले, क्षीण झालेले, लगेच न मारता वर्षानुवर्षे आत राहणारे आणि प्रतिकूल काळी उसळणारे विष. सुश्रुताला विकरे ठाऊक होती, असे मी म्हणत नाही. पण झटकन मारणारे आणि आत राहून पोखरणारे विष यांना वेगळी नावे हवीत, हे त्या परंपरेने ओळखले होते. आपण आज दोन्हींना नुसते ‘विष’ म्हणतो.

शेतात तर तेही म्हणत नाहीत. ‘औषध मारायला चाललो,’ असे मजूर सांगतो. पिकाच्या बाजूने ते खरेही आहे. डब्यावर लिहिलेली मात्रा पिकासाठी असते. पंप पाठीवर घेणाऱ्याच्या अंगात दिवसागणिक किती गेले, याचे माप कोणत्याच डब्यावर नसते.