भालजी पेंढारकर : लेखणी आणि पडदा

मूकपटाच्या काळात लेखकाला पडद्यावर फारसे स्थान नव्हते. पात्रांचे ओठ हलत, शब्द मात्र ऐकू येत नसत. कथेचा धागा जुळावा म्हणून मधून मधून दोन-चार ओळींची पाटी झळके, एवढाच काय तो लेखणीचा वाटा. अशा त्या काळात कोल्हापूरचे भालचंद्र गोपाळ ऊर्फ भालजी पेंढारकर हे चित्रपटाकडे वळले, ते मात्र काही सांगण्याच्या ईर्षेने.

त्या ईर्षेची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागली. 1926 साली त्यांनी 'वंदे मातरम् आश्रम' हा मूकपट काढला. इंग्रजी अमदानीतील शिक्षणपद्धतीवर त्यात टीका होती. परिनिरीक्षकांनी कात्री चालविली, काही काळ बंदीही घातली. प्रेक्षकांपुढे आला तो छाटलेला चित्रपट.

पुढे चित्रपट बोलू लागला आणि लेखकाला वाचा फुटली. 1932 साली भालजींनी दिग्दर्शित केलेला 'श्यामसुंदर' मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. शाहू मोडक आणि शांता आपटे ही नावे त्याने घरोघर पोहोचविली. पाठोपाठ 1934 साली कोल्हापूर सिनेटोनचा 'आकाशवाणी' आला. परंतु भालजींचा खरा पिंड प्रकट झाला तो 'नेताजी पालकर' (1939) आणि 'थोरातांची कमळा' (1941) या चित्रपटांत. वर्तमानावर बोलण्यास परवानगी नसेल, तर इतिहासाच्या मुखाने बोलता येते, हे त्यांनी ओळखले असावे. शिवकालीन माणसांच्या तोंडी त्यांनी जी रांगडी, ठसकेबाज मराठी घातली, तिच्यात स्वराज्याची आकांक्षा पारतंत्र्यातील प्रेक्षकाला स्पष्ट ऐकू येत होती. त्यांचे संवाद कधी कधी लांबत, नाटकाच्या वळणावर जात. पण प्रेक्षक ते पाठ करीत, हेही तितकेच खरे.

कोल्हापूर सिनेटोनची वास्तू पुढे त्यांच्या हाती आली आणि 'जयप्रभा' या नावाने नांदू लागली. 1948 च्या जानेवारीत महात्माजींची हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जे हल्ले झाले, त्यांत हा स्टुडिओही जळाला. तयार होत आलेल्या 'मीठभाकर'ची राख झाली. कर्त्या माणसाने हात टेकावेत असाच हा प्रसंग होता. भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभारला, 'मीठभाकर' नव्याने चित्रित केला आणि 1949 साली तो प्रदर्शित झाला. 1952 मध्ये चंद्रकांत यांना शिवरायांच्या भूमिकेत घेऊन त्यांनी 'छत्रपती शिवाजी' पडद्यावर आणला.

उत्तरायुष्यातही लेखणी थांबली नाही. 'योगेश' या नावाने ते गीते लिहीत. 'आनंदघन' हे नाव घेऊन लता मंगेशकर त्यांच्या चित्रपटांना संगीत देत. 1965 च्या 'साधी माणसं'मध्ये ना गड होता, ना तलवार. गावातला लोहार आणि त्याची बायको पोटासाठी शहरात येतात आणि तेथल्या कपटाला सामोरी जातात, एवढीच ती कथा. 1969 च्या 'तांबडी माती'तून दादा कोंडके प्रथम पडद्यावर आले.

भालजींना 1991 चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. 26 नोव्हेंबर 1994 रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर त्यांनी शिवकालीन वीरांची चित्रे रंगविली. पण सरदाराच्या वाड्याइतक्याच ममतेने त्यांनी लोहाराचा भाताही पाहिला होता, ही गोष्ट त्यांचे मोल करताना विसरून चालणार नाही.