मुदतीचें दर्शन

वाशी येथें नवी मुंबई महानगरपालिकेचें जें नाट्यगृह आहे, त्यास विष्णुदास भावे यांचें नांव दिलेलें आहे. नाटकास येणाऱ्या मंडळींपैकीं बहुतेकांस हें नांव मराठी रंगभूमीच्या जनकाचें म्हणून ठाऊक असतें. परंतु राजाश्रय सुटल्यावर तिकिटाच्या पैशावर मराठी नाटक जगवून दाखविणारे तेहि हेच गृहस्थ, ही गोष्ट तिकिटाच्या खिडकीपुढें उभें राहूनहि सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. त्याच खिडकीवरून परतणारा प्रेक्षक आज वाटेंत हातांतील फोनवर १०० रुपये भरून एखादा चित्रपट ४८ तासांपुरता भाड्यानें घेऊं शकतो. हा व्यवहार आपण अगदीं नवा समजतों. यंत्राच्या दृष्टीनें तो नवा आहे हें खरें. पण मोल द्यावें, ठरल्या मुदतींत पाहावें आणि वस्तु मालकापाशींच राहावी, हा त्यांतील करार सुमारें पावणेदोनशें वर्षांचा जुना आहे. त्या कराराचा हा अल्प इतिहास. तो सांगण्याचें कारण असें कीं, त्यांतील एक कलम आपण अलीकडे विसरत चाललों आहों.

भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' हें नाटक केलें तें चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाखालीं. तेथें जमलेले लोक संस्थानिकांचे पाहुणे होते. खर्च दरबाराचा, कौतुक दरबाराचें, आणि नापसंतीहि दरबाराचीच. १८५१ मध्यें आप्पासाहेब निवर्तले आणि मंडळीस पोटासाठीं बाहेर पडावें लागलें. १८५३ मध्यें भावे मुंबईस आले व ग्रँट रोडवरील नाट्यगृहांत त्यांचे प्रयोग झाले. येथें एका राजाची जागा शेंकडों अनोळखी माणसांनीं घेतली. प्रत्येकानें आपापलें मोल दिलें आणि त्या मोलाबद्दल त्यास एक रात्र व एक आसन मिळालें. पहांटे तो घरीं परतला तेव्हां त्याच्या हातांत कांहींच नव्हतें. तरीहि आपण फसलों असें त्यास वाटलें नाहीं. कारण नाटक ही मुळांतच मावळणारी वस्तु आहे. ती कोणास उचलून नेतां येत नाहीं; पण नटांच्या कंठांत ती जिवंत असते व उद्यां पुन्हां उगवते.

चित्रपटाची गोष्ट निराळी. तो चेतन नटांत नव्हे, तर फितीवर राहतो. फीत ही वस्तु आहे; ती विकतां येते, भाड्यानें देतां येते, आणि जाळतांहि येते. तिचें दर्शन विकण्याचा पहिला प्रकार मोठा लक्षांत घेण्याजोगा आहे. १८९४ सालीं एप्रिल महिन्यांत न्यूयॉर्क येथें एडिसनच्या यंत्रांचें दुकान उघडलें. गिऱ्हाइकानें पंचवीस सेंट द्यावे आणि पांच पेट्यांच्या एका रांगेंत प्रत्येक पेटीच्या झरोक्यास डोळा लावून कांहीं सेकंदांचें हलतें चित्र पाहावें. एका वेळीं एका पेटीशीं एकच माणूस. पुढल्याच वर्षीं, २८ डिसेंबर १८९५ रोजीं, ल्यूमिएर बंधूंनीं पॅरिसमध्यें तें चित्र भिंतीवर मोठें करून एक फ्रँक घेऊन सर्वांस एकत्र दाखविलें, आणि पेट्या मागें पडल्या. ७ जुलै १८९६ रोजीं हाच खेळ मुंबईस वॉटसन हॉटेलांत झाला. प्रवेशाचें मोल सरसकट एक रुपया होतें. थोड्याच दिवसांत खेळ नॉव्हेल्टी थिएटरांत गेला व तेथें चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लागले. पडदानशीन स्त्रियांसाठीं वेगळी सोयहि झाली. दर्शन तेंच, पण आसनाप्रमाणें मोल निराळें, हा नाटकांतला हिशेब चित्रानें तेव्हांच उचलला. वॉटसन हॉटेलांतील खेळ पाहून भारावलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे होते. सावेदादा म्हणून प्रसिद्ध असलेल्या या मराठी छायाचित्रकारानें विलायतेहून यंत्र मागविलें आणि १८९९ मध्यें मुंबईंतील एका कुस्तीचें चित्रण केलें.

या आरंभींच्या काळांत फीत फुटाच्या हिशेबानें विकत मिळे. ज्यानें ती घेतली तो तिचा धनी. अब्दुलअली युसुफअली यांच्यासारखे तंबूवाले गृहस्थ आपल्या फितींची पेटी घेऊन देशोदेशीं फिरत आणि फीत झिजून तुटेपर्यंत दाखवीत. प्रेक्षक मुदतीचा, पण खेळवाला मालक, अशी ही रचना होती. १९०७ मध्यें फ्रान्समधील पाथे कंपनीनें फिती विकणें थांबवून त्या केवळ भाड्यानें देण्याचें धोरण जाहीर केलें, आणि इतरांनींहि तीच वाट धरली. तेव्हांपासून खेळवालाहि भाडेकरीच झाला. मालक त्यास कांहीं आठवडे फीत देई, आणि तो प्रेक्षकांस कांहीं तास दर्शन देई. एका मुदतीच्या पोटांत दुसरी मुदत, असा हा दुमजली करार आहे. आजचा व्यवहारहि त्याच पायावर उभा आहे.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमांत लागला. पुढें तो सुरतेस नेला असतां पहिल्या दिवशीं उत्पन्न जेमतेम तीन रुपये झालें, असें सांगतात. दोन आण्यांत सहा तासांचें नाटक मिळत असतां तीन आण्यांत दीड तासाचें चित्र कोण पाहणार? तेव्हां फाळक्यांनीं जाहिरात केली कीं, तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रें व दोन मैल लांबीचें चित्र पाहावयास मिळेल. आणि गर्दी लोटली. फितीच्या एका फुटांत सोळा चित्रें मावतात. त्या हिशेबानें सत्तावन्न हजार चित्रांची फीत साडेतीन हजार फुटांहून थोडी अधिक, म्हणजे मैलाच्या तीन चतुर्थांशाहूनहि कमी, भरते. चित्रांची संख्या बरोबर होती. मैल मात्र जाहिरातीचे होते! पण त्यांतील मर्म खोटें नव्हतें. क्षणभंगुर दर्शनासाठीं पैसे मोजतांना माणसाचें मन कचरतें. आपण कांहीं मोजतां येण्याजोगें घेतलें, असें त्यास वाटावें लागतें. आज मोजमाप मैलांऐवजीं तासांचें असतें, इतकेंच.

पुढें दीर्घकाळ चित्रपटगृह हेंच दर्शनाचें स्थान राहिलें. घराचा उंबरठा तें ओलांडून आलें तें १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास, रंगीत दूरचित्रवाणी व व्हिडिओ यंत्रें यांच्या पावलांनीं. नव्या मुंबईंत या नवलाईस विशेष निमित्त होतें. ठाण्याच्या खाडीवरील पूल १९७३ मध्यें झाला होता, पण वाशीपर्यंत रेल्वे आली ती १९९२ मध्यें. मधल्या काळांत सिडकोच्या वसाहतींतील कुटुंबास मुंबईस जाऊन सिनेमा पाहणें म्हणजे बसचा एक प्रवासच होता. म्हणून एका इमारतींतील बिऱ्हाडें वर्गणी काढीत, एका रात्रीपुरतें यंत्र व तीन कॅसेटी भाड्यानें आणीत, आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यांत सतरंजीवर सारी रात्र जागून काढीत. प्रस्तुत लेखक तेव्हां शाळेंत होता. अशाच एका रात्रीं तिसऱ्या चित्रपटाच्या ऐन शेवटास वीज गेली. ती आली तोंवर उजाडलें होतें व यंत्र परत करण्याची वेळ झाली होती. त्या कथेचा शेवट मीं पाहिला तो वीस वर्षांनंतर. कोणीतरी ती फीत जपून ठेविली होती, म्हणून पाहतां आला. या कॅसेटींच्या नकला इतक्या बोकाळल्या कीं १९८४ मध्यें स्वामित्वहक्काचा कायदा दुरुस्त करून शिक्षा कडक करावी लागली. कायद्याची बाजू रास्त होती. तथापि याच काळांत चित्रपटाच्या प्रती प्रथमच हजारों घरांत विखुरल्या, हेंहि नमूद केलें पाहिजे.

आतां आजचा प्रकार. महामारींत चित्रपटगृहें बंद पडलीं तेव्हां २ ऑक्टोबर २०२० रोजीं 'खाली पीली' हा हिंदी चित्रपट घरबसल्या एका दर्शनास २९९ रुपये या दरानें दाखविण्यांत आला. १३ मे २०२१ रोजीं 'राधे' २४९ रुपयांस. त्याच वर्षीं जूनअखेर 'जून' हा मराठी चित्रपटहि तिकिटाच्याच हिशेबानें घरोघरीं पोंचला. १ ऑगस्ट २०२५ पासून 'सितारे जमीन पर' हा चित्रपट यूट्यूबवर १०० रुपये भाड्यानें मिळूं लागला. तेथील सामान्य नियम असा कीं, पैसे भरल्यापासून ३० दिवसांत पाहण्यास आरंभ करावा, व आरंभ केल्यावर ४८ तासांत संपवावें. चित्रपट आपल्याकडे येतो तो कुलूपबंद येतो. मालकाच्या यंत्राकडून एक किल्ली येते आणि तिच्यावर मुदत कोरलेली असते. मुदत संपतांच फोनमध्यें उतरवून घेतलेली प्रतहि मुकी होते. ठाणे-बेलापूर रस्त्यानें ऐरोली, रबाळे, महापे या बाजूस जातां पूर्वींच्या कारखान्यांच्या शेजारीं ज्या बिनखिडक्यांच्या थंड इमारती दिसतात, त्यांत असल्या किल्ल्या-कुलुपांच्या यंत्रांच्या रांगा अहोरात्र चालत असतात. आणि प्रेक्षक? तो पुन्हां १८९४ च्या पेटीप्रमाणें एकटाच झरोक्यास डोळा लावून बसला आहे.

या सोयीचा लाभ केवळ मोठ्यांसच आहे असें नाहीं. एखादी नाट्यसंस्था, नृत्यशिक्षिका किंवा कीर्तनकार आपल्या प्रयोगाचें चित्रण स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवून, पैसे भरणारास कांहीं दिवसांपुरती वाट मोकळी करून देऊं शकतात. त्यांना ठरवावें लागतें तें भाव्यांच्या द्वारपालानें ठरविलें होतें त्याहून फार वेगळें नाहीं. मुदत पैसे भरल्यापासून मोजावी कीं पाहूं लागल्यापासून? एका तिकिटावर घरांतील किती जणांनीं पाहावें? मध्येंच जोडणी तुटली तर पैसे परत द्यावे कीं वेळ वाढवावा? या प्रश्नांचीं उत्तरें आधीं स्पष्ट लिहून ठेवणारास तंटे कमी होतात, असा व्यवहाराचा अनुभव आहे. कलावंतास मध्यस्थावांचून मोल मिळतें, ही यांतील मोठीच जमेची बाजू होय. मुदतीच्या दर्शनास मी म्हणूनच दोष देत नाहीं. त्यावांचून भाव्यांची मंडळी १८५३ मध्यें जगली नसती, फाळके दुसरें चित्र काढूं शकले नसते.

माझें म्हणणें वेगळें आहे, आणि त्यासाठीं खाडीपलीकडे ठाण्यास जावें लागेल. तेथें १ जून १८९३ रोजीं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. त्याच्या संस्थापकांत 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे प्रमुख होते. ग्रंथसंग्रहालयहि वर्गणी घेऊन मुदतीनेंच पुस्तक देतें. मुदत टळली तर दंडहि करतें. वाचकाचा हक्क तेथेंहि तात्पुरताच. परंतु पुस्तक परत येतें तें कपाटांत येतें, आणि तें कपाट वाचकासाठींच उभें असतें. विष्णुदासांनीं तिकीट दिलें. विनायकरावांनीं कपाट उभें केलें. संस्कृतीस दोन्हीं लागतात. तिकिटानें कला जगते, कपाटानें ती उरते.

चित्रपटाच्या इतिहासांत तिकीट भरपूर विकलें गेलें, कपाट मात्र फार उशिरां आलें. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच आज उरलीं आहेत, आणि तींहि १९१७ च्या पुनर्निर्मितीचीं असावींत असें कांहीं अभ्यासक मानतात. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईंत मॅजेस्टिक सिनेमांत ज्यासाठीं झुंबड उडाली, त्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. जुन्या फिती चटकन पेट घेत; कित्येक तर त्यांतील चांदीसाठीं वितळविल्या गेल्या. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ मध्यें, म्हणजे फाळक्यांच्या चित्रानंतर एकावन्न वर्षांनीं. पी. के. नायर यांनीं गांवोगांव शोध घेऊन जें मिळालें तें जमविलें. त्यांतीलहि कांहीं भाग जानेवारी २००३ मधील आगींत गेला. छापील पुस्तकाच्या प्रती ठराविक ग्रंथालयांस देण्याची सक्ती करणारा कायदा १९५४ पासून आहे, व त्यांतील एक ग्रंथालय मुंबईस आहे. चित्रपटास तशी सक्ती नाहीं.

पूर्वीं निदान एकाच चित्राच्या अनेक प्रती गांवोगांव फिरत. एखादी कोठेंतरी अडगळींत टिकून राही. कॅसेटीच्या काळांत तर घराघरांत टिकली. आज केवळ किल्लीच विकली जाते, प्रत कोणासच मिळत नाहीं. मालकानें यंत्र बंद केलें, त्याचा धंदा बसला, किंवा त्यास चित्र नकोसें झालें, तर लाखों लोकांनीं पैसे देऊन पाहिलेली कृति एका दिवसांत नाहींशी होऊं शकते, आणि ती पाहिल्याचा पुरावा केवळ पाहणाराच्या आठवणींत उरतो. नाटकासारखी ती उद्यां पुन्हां उगवणार नाहीं.

म्हणून विसरलेलें कलम तें हें: दर्शन मुदतीचें असावें, वस्तु मुदतीची नसावी. जो कोणी मुदतीचें दर्शन विकील, मग तो मोठा कारखानदार असो कीं वाशीच्या नाट्यगृहांत प्रयोग करणारी हौशी मंडळी असो, त्यानें आपल्या कृतीची एक बिनकुलुपी प्रत एखाद्या संग्रहालयांत किंवा ग्रंथालयांत ठेवावी. स्वामित्वहक्काच्या साठ वर्षांत ती कोणास दाखवूं नये अशी अट घालावी वाटल्यास, पण ठेवावी. खर्च थोडा, कष्ट त्याहून थोडे. वीस वर्षांनीं अर्धवट राहिलेल्या कथेचा शेवट शोधीत कोणी येईल, तेव्हां त्यास कपाट रिकामें सांपडूं नये.