उसिक–फ्युरी दुसरी लढत

ओलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरी यांच्यातील हेवीवेट गटाची दुसरी व्यावसायिक मुष्टियुद्ध लढत २१ डिसेंबर २०२४ रोजी सौदी अरेबियातील रियाध येथे किंग्डम अरेना या क्रीडागृहात झाली. बारा फेऱ्यांअखेर तिन्ही गुणपंचांनी ११६–११२ असा एकसारखा कौल युक्रेनच्या उसिकच्या बाजूने दिला. त्यामुळे डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी व डब्ल्यूबीओ या संघटनांची विजेतेपदे त्याच्याकडेच राहिली. इंग्लंडच्या फ्युरीने आणि त्याचे प्रवर्तक फ्रँक वॉरन यांनी हा निकाल मान्य केला नाही.

पार्श्वभूमी

दोघांची पहिली लढत याच क्रीडागृहात १८ मे २०२४ रोजी झाली होती. ती जिंकून उसिक चारही प्रमुख संघटनांचा निर्विवाद हेवीवेट विजेता ठरला. फ्युरीचा तो कारकिर्दीतील पहिलाच पराभव होता. त्या वेळी निर्णय विभागून आला. दोन गुणपंचांनी उसिकला ११५–११२ व ११४–११३ असे, तर तिसऱ्याने फ्युरीला ११४–११३ असे विजयी ठरवले. नवव्या फेरीत फ्युरी केवळ दोरांच्या आधाराने उभा राहिल्याने पंचांनी त्याच्यावर मोजणी केली व त्या फेरीत त्याचा एक जादा गुण गेला. तो गेला नसता तर एक गुणपत्रिका बरोबरीत सुटून संपूर्ण लढतच अनिर्णित राहिली असती. पुन्हा लढण्याची मागणी त्यामुळे निराधार नव्हती. आयबीएफचे विजेतेपद उसिकने मधल्या काळात सोडले होते. दुसऱ्या लढतीत ते पणाला लागले नाही.

डावपेच

फ्युरीची उंची सुमारे २०६ सेंटिमीटर, तर उसिकची सुमारे १९१. वजनातील तफावत याहून मोठी होती. फ्युरीचे वजन कपड्यांसह २८१ पौंड, म्हणजे सुमारे १२७ किलो भरले. उसिकचे २२६ पौंड. पहिल्या लढतीपेक्षा फ्युरी बराच जड होऊन आला होता. अंगावर रेलून, मिठी मारून प्रतिस्पर्ध्याला थकवण्यासाठी असे वजन उपयोगी पडते. पायांची चपळाई मात्र त्याने कमी होते. सुरुवातीच्या फेऱ्यांत त्याने लांब हाताचा जॅब आणि पोटावरचे ठोसे यांचा चांगला वापर केला. डावखुऱ्या पवित्र्यात लढणाऱ्या उसिकने सतत कोन बदलत सरळ डाव्या हाताच्या ठोशावर भर दिला आणि उत्तरार्धात वेग वाढवला. दोघांपैकी कोणीही खाली पडला नाही. त्यामुळे पहिल्या लढतीतील नवव्या फेरीसारखा निर्णायक क्षण या लढतीत आला नाही आणि सारा निकाल फेरीगणिक केलेल्या मूल्यमापनावर अवलंबून राहिला.

गुणदान व वाद

दहा गुणांच्या पद्धतीत प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे मोजली जाते. फेरी जिंकणाऱ्यास १० आणि हरणाऱ्यास सामान्यतः ९ गुण मिळतात. फेरी निसटती जिंकली की सहज, याने सहसा फरक पडत नाही. स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगणावरील नियंत्रण आणि बचाव हे गुणदानाचे निकष होत. फ्युरीच्या समर्थकांचा भर आक्रमण व नियंत्रण यांवर होता. उसिकची बाजू पहिल्या निकषावर भक्कम होती. कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीनुसार उसिकने ४२३ पैकी १७९ ठोसे लगावले, तर फ्युरीने ५०९ पैकी १४४. ही मोजणी माणसेच कळा दाबून करतात आणि ती अधिकृत नसते. ठोशाचा जोरही तिच्यातून कळत नाही. तरीही अधिक हात चालवणाऱ्याचे कमी ठोसे लागले, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

११६–११२ याचा अर्थ आठ फेऱ्या उसिकला, चार फ्युरीला. दोन फेऱ्या उलट दिल्या तर ११४–११४ अशी बरोबरी होते. फ्युरीला ११५–११३ असा विजय मिळण्यासाठी तीन फेऱ्या उलटाव्या लागतात, आणि तेही किमान दोन गुणपत्रिकांवर. फ्युरीचा दावा तर आपण किमान तीन फेऱ्यांच्या फरकाने जिंकलो असा होता. त्याला एखाद-दुसरी फेरी अधिक मिळायला हवी होती, हा युक्तिवाद करता येतो; तो जिंकला होता, हे सिद्ध करणे फार कठीण आहे.

आयोजकांनी प्रायोगिक तत्त्वावर कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनही गुणदान करवून घेतले होते. अधिकृत निकालात ते धरले गेले नाही. त्या यंत्राने उसिकला ११८–११२ असे विजयी ठरवले. कोणी खाली न पडता आणि दंड न होता बारा फेऱ्यांच्या गुणांची बेरीज २२८ भरते. येथे ती २३० आहे. म्हणजे यंत्राने दोन फेऱ्या १०–१० अशा बरोबरीत सोडल्या असाव्यात, जे मानवी गुणपंच क्वचितच करतात.

नंतरच्या घडामोडी

फ्युरीने १३ जानेवारी २०२५ रोजी निवृत्ती जाहीर केली. उसिकने १९ जुलै २०२५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये आयबीएफ विजेत्या डॅनियल ड्युबोआला पाचव्या फेरीत पराभूत करून पुन्हा निर्विवाद विजेतेपद मिळवले. त्या लढतीत गुणपत्रिका उघडण्याची गरज पडली नाही.