नळीखालचा क्रूस

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि फार तर चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या येतात. पोलादावर ठोकलेल्या खुणांना साधन मानण्याची सवय आपल्याला नाही. जालना जिल्ह्यात एखादे जुने घर मोकळे करताना माळ्यावरून गंजलेली दुनळी बंदूक निघाली, तर घरच्या मंडळींच्या ओठी पहिल्याने दोनच प्रश्न येतात : हिची किंमत किती येईल, आणि ही पुन्हा चालेल काय? ती कोठली, केव्हाची, कोणाच्या हातून इथवर आली, हे मागाहून आठवते. बहुधा ती घासूनपुसून लख्ख केल्यावर. तोवर उत्तर पुसले गेलेले असते.

जालन्याच्या परिसरात अशी बंदूक निघावी यात नवल नाही. भोकरदन तालुक्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे जालना शहरालगत छावणी वसली आणि निजामाच्या पैशावर पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंटचे ते एक ठाणे झाले. हे सैन्य १९०३ साली हिंदुस्थानी लष्करात विलीन झाले. छावणीचे साहेब, संस्थानचे जहागीरदार, पिकाची राखण करणारे मोठे शेतकरी, यांपैकी कोणाचीही ती असू शकेल. मात्र असईच्या रणातली म्हणून कोणी दुनळी दाखवली, तर तिच्याकडे जरा संशयानेच पाहावे. १८०३ ची बंदूक तोंडाकडून ठासायची आणि गारगोटीच्या ठिणगीने पेटायची. मधोमध मोडून मागून काडतूस भरायची दुनळी पॅरिसच्या लफोशे याने १८३० च्या दशकात प्रचारात आणली. बाहेरचे घोडे जाऊन ते पेटीच्या आत लपले ते त्याहून उशिरा, १८७५ नंतर.

नाव वाचून बंदूक ओळखू गेल्यास हमखास फसगत होते. दोन नळ्यांमधील पट्टीवर कोरलेले नाव पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाचे असते, घडवणाऱ्याचे नव्हे. शिवाय लंडनच्या मँटनसारख्या नामांकित कारागिरांच्या नावांशी मिळतीजुळती नावे स्वस्त मालावर सर्रास कोरली जात. नाव खोटे बोलते. नळीखालचे शिक्के सहसा बोलत नाहीत. पुढचे लाकूड काढून नळ्या उलट्या केल्या की बुडाकडच्या सपाट भागावर ते बारीक शिक्के दिसतात. नेहमीपेक्षा अधिक दारू भरून नळी उडवून पाहिली आणि ती फुटली नाही, याचे ते सरकारमान्य प्रमाणपत्र होय. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला सनद मिळाली १६३७ साली, बर्मिंगहॅमचे परीक्षागृह स्थापन झाले १८१३ साली.

पण आपल्या वाचकांना अधिक जिव्हाळ्याचे वाटावे असे गाव तिसरेच आहे : बेल्जममधील लीज. शिकाऱ्यांचा आश्रयदाता संत ह्युबर्ट हा लीजचा पहिला बिशप. त्याचे निधन ७२७ साली झाले. गुड फ्रायडेला शिकारीस गेलेल्या ह्युबर्टला हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला, ही आख्यायिका त्याच्या चरित्राला पुढे जोडली गेली. त्याच गावात पुढे बंदुकांचा मोठा धंदा फोफावला, आणि नळ्या फुटून माणसे जायबंदी होऊ नयेत म्हणून त्यांची परीक्षा सक्तीची करणारा हुकूम १६७२ साली काढला तो तेथील राजबिशप माक्सिमिलियन हेन्री याने. धर्मपीठावरील माणसाने तोफा-बंदुकांत लक्ष घालावे हे आज आपल्याला खटकेल. तरी त्या हुकमामागे गिऱ्हाइकाच्या हातापायांची काळजी होती, हे नाकारता येत नाही. लीजच्या शिक्क्यांपैकी एक त्या शहराच्या स्तंभाचा आहे, आणि त्या स्तंभाच्या माथ्यावर क्रूस आहे. दुसरा शिक्का लंबगोलातील 'ईएलजी' या अक्षरांचा. त्यावर मुकुट असेल तर नळी १८९३ नंतर तपासलेली, नसेल तर त्याआधीची. बर्मिंगहॅमच्या नळीवर 'नॉट फॉर बॉल' असे असेल, तर ती १८७५ ते १८८७ या काळातील. '१२' हा आकडा वर्षाचा नव्हे : एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक नळीत बरोबर बसेल इतका तिचा व्यास.

आता चालती करण्याचा प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे : करू नये. जुन्या नळीवर लाटांसारखी किंवा वेटोळ्यांसारखी नक्षी असेल, तर ती दमास्कस पद्धतीची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या पट्ट्या गुंडाळून सांधलेली. ती काळ्या दारूसाठी बनली होती. धूरविरहित दारूचे आजचे काडतूस तिच्यात घालणे म्हणजे डोळे आणि बोटे पणाला लावणे. अडीच इंची काडतुसाच्या घरात पावणेतीन इंची काडतूस शिरते, हा आणखी एक धोका. शिरते म्हणूनच तो कळत नाही. गंज काढायला नळी आतून घासली की तिची जाडी कमी होते. वरून काळा रंग चढवायला उकळत्या क्षारात बुडवली, तर दोन नळ्यांना जोडणारे डाखकाम सुटते. आणि पॉलिशच्या चाकाखाली पहिले बळी जातात ते शिक्के. आपल्या देवळांतील जुन्या लाकडी मूर्तींना दर सणाला तैलरंग फासून आपण काय गमावले, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. शिवाय ती चालवायची तरी कोणावर? काळविटाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे.

त्याआधी कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारक वारल्यावर वारसाने बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाप्राप्त विक्रेत्याकडे जमा करावी लागते; वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या कालबाह्य शस्त्राला कायद्यात सूट आहे, पण ते तसे आहे हे आपल्या ओसरीवर बसून ठरवू नये. बिनपरवान्याची बंदूक मिस्त्रीकडे नेणे हाही गुन्हाच. भीतीपोटी काही जण ती विहिरीत टाकतात. तो तर सर्वांत वाईट मार्ग. सापडताक्षणी एकच करावे : ती भरलेली आहे असे समजून तोंड कोणाकडे न धरता ठेवावी, चाप-घोड्याला हात लावू नये आणि ठाण्यात कळवावे. ठासणीच्या बंदुकीत पिढ्यान्‌पिढ्यांची दारू तशीच राहिलेली असू शकते.

जाणकाराने ती रिकामी असल्याची खात्री करून दिली की, परवानगीने, शिक्क्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसे घ्यावेत, छायाचित्रे काढावीत, दस्त्याला जवसाचे तेल आणि लोखंडाला हलके खनिज तेल लावून थांबावे. घरातील वडीलधाऱ्यांना आठवते ते तारखेसह लिहून घ्यावे. परवान्याचे जुने कागद शोधताना एक ध्यानात असू द्यावे : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन आणि जाफ्राबाद हा मुलूख औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात होता, तर परतूर परभणीत. निजामी अमदानीतला कागद असेल तर तो उर्दूत असण्याचा संभव मोठा, आणि त्यावरचे साल फसली असू शकेल. तेव्हा उर्दू वाचणारा शेजारी सोबत न्यावा.