वल्ह्यापासून यंत्रापर्यंत : वऱ्हाडातील नावाड्यांच्या इतिहासाचे एक पान

प्रभू रामचंद्रांच्या वनवासकथेतील निषादराज गुहाचे स्मरण आपल्या भोई समाजात आजही आदराने केले जाते. तथापि आपला इतिहास केवळ पुराणांतच शोधावयाचा नाही. तो वऱ्हाडातील नद्यांच्या काठीही विखुरलेला आहे.

सन १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला व ती नदी दोन राज्यांमधील सीमा ठरली. सीमा राजांनी आखली, परंतु पूर आला म्हणजे पलीकडे नेणारा हात नावाड्याचाच असे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत चांगदेवाजवळ तापीस मिळणाऱ्या पूर्णेच्या काठीही हीच स्थिती होती. डोंगा, वल्हे आणि लांब वासा हीच नावाड्याची सारी संपत्ती. सन १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली. पुढे सडका झाल्या, पूल झाले. खांद्यावरची पालखी गेली व उतारावरची नावही हळूहळू मागे पडली.

मात्र धरणांनी पाणी पुन्हा आपल्यापुढे आणून ठेवले. मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याचे ऊर्ध्व वर्धा व अकोला जिल्ह्यातील महानचे काटेपूर्णा ही त्यांतील मोठी नावे. अशा विस्तीर्ण जलाशयावर वारा सुटला म्हणजे वल्ह्याचे बळ अपुरे पडते. म्हणून नावेच्या मागे लावावयाचे यंत्र आले. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने सन १९०९ मध्ये असे दीड अश्वशक्तीचे यंत्र बाजारात आणले आणि अशा यंत्रांचा प्रसार सुरू झाला.

या यंत्राचा प्राण पाण्यात असतो. खालच्या भागातील रबरी पात्यांचा पंप जलाशयाचेच पाणी ओढून यंत्राभोवती फिरवितो व मागील छिद्रातून त्याची धार बाहेर पडते. आपल्याकडील काळ्या मातीचा गाळ किंवा शेवाळ आत शिरले, अथवा रेतीने पाती झिजली, की धार बारीक होते. ती बारीक झाली म्हणजे यंत्र तापू लागले असे समजावे.

आमच्या मच्छीमार संस्थेचा चिटणीस मी असताना हे मला ठाऊक नव्हते. धार मंदावल्याचे तरुणांनी मला दोनदा सांगितले. ‘एवढा हंगाम निघू द्या,’ असे उत्तर मी दिले. एका सायंकाळी जलाशयाच्या मध्यावर पिस्टन जाम होऊन यंत्र बंद पडले. वारा वाढत होता व नावेत चौघे होते. एका वृद्ध नावाड्याने हट्टाने नावेत ठेवविलेल्या जुन्या वल्ह्यानेच ती मुले रात्री काठास लागली. त्या हट्टाला त्यापूर्वी हसणाऱ्यांत मीही होतो, हे येथे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

दुरुस्तीचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून नवे यंत्र घेतले. ते आणताच मुले पूर्ण वेगाने पळविण्यास उत्सुक झाली. त्यांना सांगावे लागले की, नव्या गोऱ्ह्यास कोणी पहिल्याच दिवशी दिवसभर जोतास जुंपीत नाही. पिस्टनच्या कड्या व सिलिंडरच्या भिंती एकमेकींशी घासून नीट बसण्यास अवधी लागतो. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे पहिला तास मंद, दुसरा मध्यम आणि नंतरचे आठ तास पूर्ण वेग फार वेळ न ठेवता, असे एकूण दहा तास आम्ही पाळले. एकाच वेगावर ते फार वेळ चालविले नाही. पहिल्या वीस तासांनंतर तेल बदलले. आता प्रत्येक फेरीपूर्वी धार पाहिल्यावाचून नाव काठ सोडीत नाही.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जीव गेले. ही दुःखद घटना आपण विसरू नये. नावेत मर्यादेपेक्षा अधिक माणसे घेऊ नयेत व तरंगजाकिटावाचून कोणास बसू देऊ नये. पूर्वजांची नदीवरील कीर्ती त्यांच्या बाहुबळाइतकीच त्यांच्या सावधपणाची होती.

आमच्या नावेत नव्या यंत्राजवळ ते जुने वल्हे आजही ठेवलेले असते. समाजातील तरुणांनी यंत्र अवश्य शिकावे. वल्हे मात्र घरी ठेवून जाऊ नये, एवढीच नम्र विनंती.